रानआल्याचा संच: जीव आहे तो तेलात

खोक्यात चार वस्तू येतात: १०० ग्रॅम सुके काप, १०० ग्रॅम चूर्ण, १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित (वाफेवर काढलेले) तेल आणि २०० मिलिलिटर शाम्पू. सोबत चार घड्यांचे माहितीपत्रक. विक्रेत्याचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. खाली सांगितलेले बहुतेक दोष या वनस्पतीच्या मालात सर्रास दिसतात, त्यामुळे एकालाच झोडपण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. तेल चांगले आहे. सुटे मिळत असेल तर तेवढेच घ्यावे. काप निवडून घेतले तर उपयोगी पडतात. चूर्णात काही राम नाही. शाम्पूने केस स्वच्छ होतात, पण ते काम कुठलाही शाम्पू करतो. चारही निकालांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रानआल्याच्या कंदातला जो घटक महत्त्वाचा, म्हणजे झेरम्बोन, त्याचे आणि पाण्याचे अजिबात जमत नाही. हे एकदा डोक्यात बसले की रानआल्याची कुठलीही बाटली हातात आली, तरी ती कामाची की बिनकामाची याचा अंदाज घटकयादी वाचूनच येतो.

आधी नाव वाचा

खोक्याच्या दर्शनी बाजूला नुसते ‘वाइल्ड जिंजर’. मागे, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत ‘झिंजिबर झेरम्बेट, कंद’. वनस्पती कोणती आणि तिचा भाग कोणता, दोन्ही दिलेले आहे. अक्षरे बारीक असली तरी याचे गुण द्यायलाच हवेत, कारण या नावाखाली काय काय विकले जाऊ शकते ते पाहिले तर अंगावर काटा येतो.

रानआले हे काही एकाच झाडाचे नाव नाही. आपले नेहमीचे आले ज्या झिंजिबर प्रजातीतले, तिच्यातल्या कितीतरी रानटी जातींना लोक रानआलेच म्हणतात. या संचातली जात एक ते दोन मीटर उंच वाढते. पानांच्या ताटांपासून वेगळा, थेट जमिनीतून वर आलेला दांडा आणि त्याच्या टोकाला शंकूसारखे कणीस, ही तिची खूण. कणीस आधी हिरवे असते, मग लालभडक होते, आणि त्याच्या खवल्यांआडून फिकट पिवळी फुले एकेक करून डोकावतात. पिकलेले कणीस दाबले की सुगंधी, बुळबुळीत रस निघतो. हवाई बेटांवर तो केसांना लावायची जुनी रीत आहे, त्यावरूनच इंग्रजीत हिला शाम्पू जिंजर म्हणतात. हवाईतले नाव आवापुही, मलय भाषेतले लेम्पोयांग. परदेशी मालावर ही दोन्ही नावे दिसतात.

लेबलावर ‘झेरम्बेट’ शब्द दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. अल्पिनिया झेरम्बेट ही वेगळीच वनस्पती आहे. तिला शिंपल्यासारख्या पांढऱ्या-गुलाबी कळ्यांचे लोंबते घोस येतात आणि ती बागेत शोभेसाठी लावतात. कूळ आल्याचेच, पण तेलाचे रसायन पूर्ण निराळे. पहिला शब्द गाळून नुसते ‘झेरम्बेट तेल’ लिहिलेली बाटली असेल तर ती कोणत्या झाडाची हे कळायला मार्ग नाही.

खरा धोका तिसरीकडे आहे. उत्तर अमेरिकेत ‘वाइल्ड जिंजर’ म्हणून ओळखली जाणारी आसारम कॅनडेन्स आल्याच्या कुळातलीसुद्धा नाही. तिच्या मुळांना आल्यासारखा वास येतो, एवढाच संबंध. ती ईश्वरीच्या कुळातली आहे आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडते. या आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होऊ शकतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली या आम्लाच्या वनस्पती असलेल्या उत्पादनांविरुद्ध ग्राहकांना जाहीर इशारा दिला होता. शास्त्रीय नाव न छापलेले ‘वाइल्ड जिंजर’ पोटात घ्यायचे नाही, या नियमाला अपवाद करू नका.

कंदात असते काय

मुख्य पात्र झेरम्बोन. रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचा १ अणू, रेणुभार सुमारे २१८. भारतीय रसायनशास्त्रज्ञ सुख देव यांनी १९६० साली या पदार्थाच्या रचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ११ कार्बनचे मोठे कडे, त्यात तीन दुहेरी बंध, आणि त्यांतल्या दोन बंधांच्या मधोमध बसलेला कीटोन (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन), अशी ही रचना. शुद्ध झेरम्बोन म्हणजे पांढरे स्फटिक; ६५ अंश सेल्सिअसच्या थोडे वर ते वितळतात. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात सव्वा-दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाहीत. लिटरभर पाण्यात मिठाचे थोडेसे कण टाकावेत, तेवढेच.

दोन्ही बाजूंना दुहेरी बंध घेऊन बसलेला हा कीटोन सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. अशा रचनेला प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांची, म्हणजे थायॉलची ओढ असते. पेशीतल्या ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूशीही ती जोडली जाते. कंदात झेरम्बोनचा एक सख्खा भाऊ असतो, अल्फा-ह्युम्युलिन. कडे तेच, कीटोन तेवढा नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत झेरम्बोनने पेशींमधले दाहाचे संदेश दाबले. ह्युम्युलिनला ते जमले नाही. म्हणून तेलाच्या अहवालात झेरम्बोन आणि ह्युम्युलिन यांची बेरीज करून ‘सक्रिय घटक इतके टक्के’ असे कुणी लिहिले असेल तर तो आकडा फुगवलेला समजावा.

बाकीच्यांत कॅम्फिन, कापूर, सिनिओल हे वासाचे मानकरी. केम्फेरॉल या फ्लेवोनॉइडची ग्लायकोसाइड्स, म्हणजे साखर जोडलेली रूपे, थोडी असतात; ती अल्कोहोलमध्ये नीट उतरतात. उरलेला कंद म्हणजे पिष्ट आणि धागे.

चवीची एक खूणगाठ बांधून ठेवा. आल्याला तिखटपणा येतो तो जिंजेरॉलमुळे. हा कंद चवीला तिखट नसून कडू आहे. काप चावल्यावर जिभेला चटका बसला तर पाकिटात सुंठ भरली आहे.

तेल

संचातली ही एकच वस्तू मन लावून बनवलेली. गडद तपकिरी काचेची बाटली, थेंब पाडणारे बूच, घाणा (बॅच) क्रमांक, ऊर्ध्वपातनाची तारीख, आणि कोड स्कॅन केला की त्याच घाण्याचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल. गडद काच ही काही चैन नाही. उजेडाने झेरम्बोनच्या दुहेरी बंधांची ठेवण बदलते.

अहवालात झेरम्बोन निम्म्याहून जास्त आहे. प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणांत हा आकडा १२ टक्क्यांपासून ७३ टक्क्यांपर्यंत काहीही सापडतो, म्हणून ‘शुद्ध तेल’ या शब्दांना किंमत नाही. शुद्ध असूनही तेल १२ टक्क्यांचे असू शकते. प्रदेश आणि कंदाचे वय यांचा यात वाटा आहेच, पण भट्टीवरचा उतावळेपणाही तितकाच कारणीभूत असतो. वाफेबरोबर आधी कॅम्फिन, सिनिओल, कापूर अशी हलकी मंडळी निघून येतात. झेरम्बोन जड, तो रेंगाळत मागून येतो. तासाभरात वास भरपूर सुटला म्हणून आच बंद केली तर हाती कापराच्या वासाचे पातळ तेल लागते आणि मुख्य माल भांड्यातच राहतो. तीन-चार तास तरी वाफ चालू ठेवावी लागते. शिवाय थंड करणाऱ्या नळीतले पाणी फार गार असेल तर झेरम्बोन नळीतच गोठून बसतो, आणि तेल कमी का आले म्हणून शोधाशोध होते. शेवटच्या टप्प्यात ते पाणी थोडे कोमट होऊ दिले की गोठलेला माल सुटून खाली येतो.

अहवाल वाचताना आणखी काय पाहावे? टर्पिनेन-४-ऑल आणि सॅबिनिन सगळ्यांत वर असतील तर कंद झिंजिबर मोंटॅनमचा, म्हणजे थाई ‘प्लाय’चा. सिनिओल आणि टर्पिनेन-४-ऑल भरपूर, झेरम्बोन शून्य, असे असेल तर अल्पिनियाचा संशय घ्या. झिंजिबेरिन आणि आर-कर्क्युमीन (हळदीतले कर्क्युमिन नव्हे) पुढे असतील तर ते साधे आल्याचे तेल. हे निरनिराळे माल आहेत. कुठलाही एक दुसऱ्याच्या नावाने खपवणे ही फसवणूकच.

आता ज्या गोष्टीवरून ग्राहक सर्वाधिक तक्रार करतील ती. बाटली उघडली तर तळाशी सुयांसारखे पांढरे स्फटिक साचलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते मेण मिसळले किंवा कापूर टाकला. उलट आहे. झेरम्बोन भरपूर असलेले तेल थंडीत बसले की तो आपोआप स्फटिक होऊन खाली उतरतो. तळाशी साचलेली ती पांढरी रेती म्हणजेच तुम्ही ज्यासाठी बाटली घेतली ती वस्तू. काही जण तेल ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून स्फटिक गाळून टाकतात आणि उरलेले पाणचट तेल विकतात. या विक्रेत्याने तसे केलेले नाही. मात्र त्याने बाटलीवर एक ओळ छापायला हवी होती, ती छापलेली नाही.

स्फटिक असलेल्या बाटलीतून वरवरचे थेंब घेतले तर आज पातळ आणि महिनाअखेर जहाल, असा प्रकार होतो; शिवाय बूच चोंदते ते वेगळेच. उपाय सोपा. झाकण घट्ट लावून बाटली ४५ अंशाच्या आसपासच्या पाण्यात, म्हणजे हाताला गरम लागेल पण भाजणार नाही अशा पाण्यात, दहा मिनिटे उभी ठेवा. मधूनमधून गोल फिरवा, जोराने हलवू नका. शुद्ध स्फटिक वितळायला ६५ अंशांच्या वर जावे लागते, पण इथे ते वितळवायचे नसून भोवतीच्या तेलात परत विरघळवायचे आहेत. त्याला एवढी ऊब पुरते. स्वच्छ झाले की लगेच थेंब मोजा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

भेसळ तपासायला टिपकागदाचा एक तुकडा पुरतो. एक थेंब टाका. पहिल्या मिनिटात कापराचा झोत येतो. तासाभराने तो ओसरतो आणि खाली एक जड, लाकडी, किंचित कडवट वास उरतो. तासाभरानंतर वासच उरला नाही तर आच लवकर बंद केलेले तेल आहे. दुसऱ्या दिवशीही कागद खाद्यतेलाचा डाग पडल्यासारखा पारदर्शक दिसला तर पातळ करायला कुठलेसे स्थिर, म्हणजे न उडणारे, तेल मिसळले आहे. संचातले तेल दोन्ही कसोट्यांना उतरले.

वापराच्या सूचना मात्र चुकल्या आहेत, आणि ही चूक क्षम्य नाही. पत्रक म्हणते, १० मिलिलिटर खोबरेल तेलात ८ थेंब घाला. या बुचातून मिलिलिटरला साधारण २० थेंब पडतात. म्हणजे ८ थेंब ०.४ मिलिलिटर झाले, मिश्रण ४ टक्क्यांचे. चोळायला १ टक्का पुरे, म्हणजे १० मिलिलिटरला २ थेंब. प्रथिनांतल्या थायॉलना चिकटण्याचा जो गुण प्रयोगशाळेत कौतुकाचा, तोच कातडीवर ॲलर्जीचे कारण होऊ शकतो, कारण कातडीही प्रथिनांचीच आहे. आज काही झाले नाही म्हणून उद्याही होणार नाही असे नसते; एकदा शरीराने ओळख धरली की पुढच्या वेळी एका थेंबानेही पुरळ उठते. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला १ टक्क्याचे मिश्रण नाण्याएवढ्या जागेत लावा, ४८ तास ती जागा धुऊ नका, आणि लाली, खाज किंवा फोड आला तर तेल दुसऱ्याला देऊन टाका. डोळ्यांजवळ, जखमेवर, लहान मुलांना नाही. पोटात तर एक थेंबही नाही.

एवढे पथ्य पाळून दुखऱ्या पाठीला, आखडलेल्या खांद्यांना चोळायला हे तेल चांगले आहे. वास गडद आहे. तो आवडणे न आवडणे ज्याचे त्याने पाहावे.

काप

१०० ग्रॅमच्या पाकिटात २ मिलिमीटरपासून ९ मिलिमीटरपर्यंत सगळ्या जाडीचे काप निघाले. इथेच सुकवणाऱ्याचा हात कच्चा हे कळते. पातळ काप वाळून कडकडीत होईपर्यंत जाड कापांचा गाभा ओलाच राहतो, मग पाकिटात तो ओलावा सगळ्यांना लागतो आणि बुरशी धरते. काप वाकवून पाहा. कट्कन मोडला तर ठेवा. चामड्यासारखा वाकला, किंवा मोडल्यावर मध्ये करडी-काळी छटा दिसली, तर टाकून द्या. बुरशीचा भाग कापून बाकीचा वापरणे नको. या पाकिटात जवळपास चौथा हिस्सा असा निघाला.

रंग मळकट पांढरा ते फिकट पिवळा असावा. गडद पिवळा किंवा नारिंगी दिसला तर मोंटॅनम किंवा हळदीच्या नात्यातला एखादा कंद मिसळला असणार. खात्री करायला कापाचा चुरा चुन्याच्या निवळीत टाका. ठळक लाल-तपकिरी रंग आला तर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतले पिवळे रंगद्रव्य, असलेले कंद आहेत. या पाकिटात तसे काही आढळले नाही. आयोडीनचा थेंब टाकून ‘पिठाची भेसळ’ पकडण्याचा सल्ला कुठेकुठे देतात, तो इथे गैरलागू आहे, कारण कंदात स्वतःचेच पिष्ट भरपूर असते. तो निळा होणारच.

ताजा कंद मिळाला आणि घरी सुकवायचा असेल तर आडवे, ३ ते ४ मिलिमीटरचे काप करा, एकावर एक न ठेवता जाळीवर पसरा, आणि सावलीत खेळत्या हवेवर किंवा यंत्रात ४० ते ४५ अंशांवर वाळवा. ६० अंशांच्या वर गेलात तर वासाचा बराचसा ऐवज खोलीभर पसरतो आणि कापात उरत नाही.

पत्रकातली काढ्याची कृती वाचून हसावे की रडावे कळत नाही: १० ग्रॅम काप, एक लिटर पाणी, उघड्या पातेल्यात पाव होईपर्यंत आटवा. हे ऊर्ध्वपातनच झाले, फक्त पुढे तेल पकडायला नळी नाही. झेरम्बोन पाण्यात विरघळत नाही आणि वाफेबरोबर निघून जातो. पाव होईपर्यंत उकळले की त्यातला बराचसा छताला लागतो, उरलेला कापांतच अडकतो आणि पातेल्यात उरतो कडू, पिवळसर काढा. त्यात ग्लायकोसाइड्सचा काही भाग असेल, पण झेरम्बोनच्या नावाने तो पिऊ नये. काढाच करायचा हट्ट असेल तर झाकण ठेवून दहा मिनिटे मंद उकळा, झाकण न काढता निवू द्या, आणि झाकणाला लागलेले थेंब परत आत सोडा. तरी फार काही हाती लागणार नाही.

कापांचे चीज करायचे तर दोन वाटा आहेत. पहिली अल्कोहोलची. २० ग्रॅम काप खलबत्त्यात भरड करा, काचेच्या बरणीत १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉल ओता, अंधारात दहा दिवस ठेवा, रोज एकदा हलवा आणि फडक्यातून पिळून गाळा. अल्कोहोल ४० टक्क्यांचे घेतले तर अर्क फिका उतरतो, कारण पाण्याचा भाग वाढला की झेरम्बोन बाहेरच राहतो. अर्क साधला की नाही हे पाहायला एका चमच्याभर अर्कात चार चमचे पाणी ओता. दुधाळ झाला तर तेलाचे घटक उतरले आहेत. पाण्याने त्यांना बाहेर ढकलले म्हणून ढग दिसतो. नितळच राहिला तर काप जुने होते. हा अर्क वरून चोळायचा. मिथेनॉल मिसळलेले औद्योगिक स्पिरिट यासाठी चुकूनही वापरू नका. ते कातडीतूनही शरीरात जाते.

दुसरी वाट तेलाची. १०० मिलिलिटर तीळतेलाला २० ग्रॅम भरड. भांडे गरम पाण्यात ठेवून, तेल ६० अंशांच्या आत राखून, झाकण घालून दोन तास. काप पुरते सुके हवेत. तेलात बारीक बुडबुडे येत राहिले तर ओल आहे, ते थांबेपर्यंत बाटलीत भरू नका. ओल राहिलेले तेल आठवड्यात आंबूस होते. गाळलेले तेल गडद बाटलीत दोन-तीन महिने टिकते.

चूर्ण

पारदर्शक पिशवी, दळल्याची तारीख नाही, उघडल्यावर लाकडाच्या भुशासारखा वास. दळताना चक्की तापते, आणि बारीक भुकटीला हवा लागायला जागा भरपूर. जे उडायचे ते दुकानात पोचायच्या आधीच उडून जाते. परीक्षा एका मिनिटाची आहे: अर्धा चमचा चूर्ण वाटीत घ्या, वरून उकळते पाणी ओता, लगेच नाक जवळ न्या. कापूर आणि कडवट लाकूड असा दुहेरी वास आला तर चूर्ण जिवंत आहे. इथे पिठाचा वास आला. चूर्ण हवेच असेल तर कडक काप आणा आणि लागेल तेवढेच, त्या दिवशी कुटा.

माहितीपत्रक

कर्करोग, मधुमेह, संधिवात, ‘विज्ञानाने सिद्ध’. पत्रकाचा अर्धा भाग यातच गेला आहे. झेरम्बोनवर प्रयोग खूप झाले आहेत हे खरे. ते बहुतांशी बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. पेशींवरच्या प्रयोगांत साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (लिटरमागे किती रेणू हे मोजायचे एकक) मात्रा वापरतात. २० मायक्रोमोलर धरले तर लिटरला सुमारे ४.४ मिलिग्रॅम झाले. पाण्यात मुळात विरघळतो सव्वा-दीड मिलिग्रॅम. म्हणजे प्रयोगासाठीसुद्धा झेरम्बोन आधी डायमिथाइल सल्फॉक्साइडसारख्या द्रावकात विरघळवून मगच पेशींना द्यावा लागतो. त्या बशीवरून उडी मारून ‘रोज सकाळी एक चमचा चूर्ण’ इथे पोचणे, तेही वास उडालेल्या चूर्णाचे, याला विज्ञान म्हणत नाहीत.

पोटदुखी, खोकला, मुरगळ, दातदुखी यांवर हा कंद आशियात आणि पॅसिफिकच्या बेटांवर पिढ्यानपिढ्या वापरात आहे. पत्रकात ही माहिती दोन ओळींत उरकली आहे, आणि खरे तर तीच सांगण्यासारखी होती. गरोदर स्त्रिया, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आणि शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा कंद पोटात घेऊ नये, अशी ओळ पत्रकात कुठेच नाही. ती पहिल्या घडीवर हवी होती.

शाम्पू

घटकयादी अशी: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन, मीठ, सुगंध, सोडियम बेंझोएट, सायट्रिक आम्ल, मग झिंजिबर झेरम्बेट अर्क, शेवटी रंग. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. १ टक्क्याच्या खालचे कसेही लावता येतात. संरक्षक म्हणून टाकलेल्या बेंझोएटच्याही नंतर ज्याचे नाव आले, तो अर्क थेंबभरच असणार हे उघड आहे. शिवाय हा अर्क ग्लिसरिन आणि पाण्यातला, असे पत्रकच सांगते. म्हणजे झेरम्बोन त्यात जवळपास नाहीच. फेस सल्फेटचा, वास सुगंधाचा, लाली रंगाची.

शाम्पू म्हणून तक्रार नाही. पीएच पट्टीवर ५ च्या किंचित खाली आला, ते चांगले. बेंझोएट आम्लधर्मी द्रावणातच काम करते, पीएच वर गेला की बाटलीत बुरशी येऊ शकते. केस कोरडे होत नाहीत, फेस लवकर निघतो. ‘आवापुही’ नावाच्या काही शाम्पूंच्या यादीत तर झेरम्बेटच नसते, हेडिचियम कोरोनेरियम असते, म्हणजे आपला सोनटक्का. हवाईत आल्याच्या कुळातल्या बऱ्याच झाडांना आवापुही म्हणतात, त्यामुळे तो खोटेपणा नाही. पण घेणाऱ्याने काय घेतो आहोत हे जाणून घ्यावे.

ज्यांच्याकडे झाडच आहे त्यांनी शाम्पूच्या वाटेला जाऊ नये. कणीस पूर्ण लाल झाले, बोटाने दाबल्यावर मऊ लागले, की ते दांड्यावरून न तोडता खाली वाटी धरून वाकवा आणि बुडापासून टोकाकडे हलकेच पिळा. नितळ, चिकट रस निघतो. एका कणसातून एक-दोन चमचे. जोर लावला तर खवले फाटतात आणि कणीस सडते. न फाटलेले कणीस काही दिवसांत पुन्हा भरते, हवा ओली असेल तर लवकर. रस ओल्या केसांना लावून पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. फेस जवळजवळ येत नाही, त्याची वाट पाहू नका. हा बुळबुळीत रस तेल काढत नाही, केस मऊ करतो. तेलकट डोके आधी धुऊन घ्यावे लागते. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, आंबट वास आला की फेकायचा. आणि डोक्याला लावण्याआधी फडक्यातून गाळायला विसरू नका, खवल्यांच्या आत मुंग्यांनी घर केलेले असते.